बुडबुडा मधोमध

१

बाहेरच्या खोलीला त्या घरात 'बोट' म्हणत. बाबा कुठे आहेत, असं दारात कोणी विचारलं की लहानपणी मुलगी आतून ओरडायची, "बोटीवर!" विचारणारा नवखा असला तर पुढे चार-सहा महिने तरी घरी फिरकत नसे.

खोलीतली एकूण एक वस्तू एकाच प्रवासी बोटीवरची होती. ती बोट पस्तीस वर्षांपूर्वी मोडीत निघाली, आणि तेव्हापासून तो तिचे तुकडे गोळा करत आला होता. निळ्या काठाच्या, मधोमध बगळ्याची मुद्रा असलेल्या बश्या. रोजच्या जेवणाची छापील पत्रकं. सामानाला चिकटवायच्या चिठ्ठ्या. पितळी बिल्ला अडकवलेली एका केबिनची किल्ली. गोल पोटाची, चांदीचा मुलामा दिलेली कॉफीची किटली. आणि या सगळ्याच्या मध्ये भोजनकक्षातलं टेबल. बोट कलली तरी बशी खाली पडू नये म्हणून त्याच्या कडेला बोटभर उंच कठडा होता. भोवती चार खुर्च्या, एकेका लोखंडी पायावर फिरणाऱ्या आणि जमिनीला स्क्रूने आवळलेल्या. त्यासाठी चांगल्या फरशीला त्याने स्वतः भोकं पाडली तेव्हा बायको आठवडाभर बोलली नव्हती. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "बरं झालं. घर बुडालं तर खुर्च्या तरी जागेवर राहतील."

तो स्वतः कधी समुद्रावर गेला नाही. बागेतल्या तळ्यात होडीत बसला तरी त्याला बोट लागायची. नोकरी सगळी जमिनीवरची, बांधकामांवर देखरेखीची. भिंत उभी राहिली की याने ओळंबा सोडायचा. फरशी बसली की तिच्यावर पाणसळ ठेवायची, आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला नाही तर ती उखडायला लावायची. गवंडी त्याला पाठीमागे 'पाणसळसाहेब' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

रविवारी सकाळी नऊला बोटीची भांडी पुसायची, हा घरचा जुना नेम. पूर्वी हे काम बायको करायची. ती गेल्याला चौदा महिने झाले होते आणि आता फडकं त्याच्या हातात आलं होतं. त्या रविवारी त्याने किटली पुसून टेबलावर ठेवली, टेकायला म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीसमोर तळहात ठेवला, आणि पटकन उचलला.

टेबलक्लॉथ ओला होता.

२

जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या घरातल्या ओली शोधल्या, तो काही ओलीला भिणारा नव्हता. त्याने स्टूल घेऊन छत चाचपलं. कोरडं. खिडकीची चौकट पाहिली. कोरडी. टेबलाच्या खाली आडवा होऊन लाकडाला हात लावला. लाकूडही कोरडं. ओल फक्त कापडात होती, आणि तीही एका बशीपुरती, खिडकीजवळच्या जागेपुढे.

त्याने बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट लागेल असं क्षणभर वाटलं आणि स्वतःचाच राग आला. नळाचं साधं पाणी होतं.

वय झालं, आपणच पाणी सांडलं असेल आणि विसरलो असू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुपारपर्यंत कापड वाळलं. बुधवारी ते पुन्हा ओलं झालं. तीच जागा, तेवढंच माप. त्याने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. शुक्रवारी कुलूप उघडलं तर पुन्हा ओल.

आता त्याने ती नीट पाहिली. सांडलेलं पाणी कसं पसरतं हे त्याला माहीत होतं, कडा वेड्यावाकड्या होतात. ही तशी नव्हती. फडकं घट्ट पिळून घ्यावं आणि मधून बाहेरच्या बाजूला तळहाताने दाबत न्यावं, तशी ही ओल होती. कापडाला एकसुद्धा सुरकुती नव्हती.

कोणीतरी मन लावून केलेलं काम होतं ते. चांगलं काम त्याला ओळखता येत असे.

३

कापड ओलं का करतात, हे त्या घरात तिघांनाही पाठ होतं. संग्रहात वाढप्यांसाठी छापलेली एक सूचनापुस्तिका होती, आणि त्यातली ही गोष्ट त्याने बायकोला नि मुलीला इतक्या वेळा सांगितली होती की तो "एकदा काय व्हायचं..." म्हणाला की मुलगी कानात बोटं घालायची. समुद्र खवळणार अशी वर्दी आली की वाढपी जेवणाआधी टेबलांवरची कापडं ओली करत. ओल्या कापडावरून ताटं-बश्या घसरत नाहीत. बाहेर लख्ख ऊन असे, पाणी आरशासारखं. प्रवासी हसत-खिदळत जेवायला येत, टेबलावर हात टेकत, आणि हाताला ओल लागली की गप्प होत. वादळाची बातमी त्यांना कोणी देत नसे. ती कापड द्यायचं.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हापासून बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसून भांडी पुसू लागली. तिथे उजेड चांगला येत असे. दोन वर्षांपूर्वी तिथूनच एका सकाळी ती म्हणाली होती, "अहो, घर हलतंय."

त्याला वाटलं, टोमणा मारतेय. तो हसला. "एवढी वर्षं बोटीवर काढलीस, आणि आता बोट लागली होय तुला?"

ती पुन्हा म्हणाली. आठ दिवसांनी परत म्हणाली. मग तिच्या हातून बगळ्याच्या दोन बश्या फुटल्या, आणि तो तिला जे बोलला ते फुटक्या बशीपायी कोणी बायकोला बोलू नये. त्यानंतर एका रविवारी त्याला तिच्यासमोरचं कापड ओलं दिसलं.

"हे काय केलंस?"

"घसरतं सगळं. तुम्हीच सांगितलं होतं ना, कापड ओलं केलं की..."

"अगं, जुनं कापड आहे ते! डाग पडले तर कुठून आणू दुसरं?"

तिच्या मनातलं एकदाचं जावं म्हणून त्याने कपाटातून पाणसळ काढली. टेबलावर ठेवली, मग तिच्या पायाजवळ फरशीवर ठेवली. "बघ. ये, वाकून बघ. हलतंय का काही?"

ती वाकली. बराच वेळ पाहत राहिली. "नाही," ती म्हणाली. "मधोमध आहे. मग मीच असेन."

त्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पाच महिन्यांनी जिन्यात पडली. मेंदूत गाठ निघाली, मुठीएवढी. डॉक्टरांनी विचारलं, "तोल जातोय असं आधी कधी म्हणाल्या नाहीत का?" तो म्हणाला, "नाही." मुलगी शेजारीच उभी होती. तिने हे ऐकलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खांद्यावर असताना त्याला खरं बोलता आलं नाही, आणि नंतर ते बोलण्याचा दिवस कधी उजाडलाच नाही.

४

संग्रह विकायचा हे मुलीने ठरवलं होतं आणि त्याने नाही म्हटलं नव्हतं. घर बंद करून तो तिच्याकडे राहायला जाणार होता. सगळं घेणार होता भंगारशेठ, जुन्या वस्तूंचा दुकानदार, ज्याने यातल्या अर्ध्या वस्तू त्याला शोधून दिल्या होत्या. सोमवारी सकाळी तो मापाची पट्टी घेऊन आला.

"खुर्च्यांचे स्क्रू गंजलेत लेका. फरशीसकट काढाव्या लागतील." त्याने टेबलाच्या कडेने पट्टी धरली आणि खिडकीपाशी येऊन थबकला. "हे काय? टेबलाला पाणी घालतोस? पालवी फुटायची वाट बघतोयस की काय?"

"तुझ्या हाताला लागली ओल?"

"लागली म्हणजे? चिंब आहे इथे." भंगारशेठही त्या पुस्तिकेची गोष्ट ऐकून ऐकून पिकला होता. तो मोठ्याने हसला. "हवा बिघडणार म्हण की!"

आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर तो थांबला.

इतके दिवस पाणसळसाहेबाने स्वतःला बजावलं होतं, की हा भ्रम असेल, शोक माणसाला असंच काही काही दाखवतो. आता दुसऱ्याच्या हाताला पाणी लागलं होतं. म्हणजे ओल खरी होती. म्हणजे बायको येत होती. रागवायला येत असेल. येऊ दे. रागवायला का होईना.

"मी देत नाही," तो म्हणाला.

"काय देत नाहीस?"

"टेबल. काहीच देत नाही. आणि मी जात नाही कुठे."

भंगारशेठने पट्टी गुंडाळली. "एकटा राहणार? या पसाऱ्यात? वहिनी मला काय म्हणायच्या ठाऊक आहे? म्हणायच्या, भावोजी, यांना बोटीवरचं काय हवं ते आणून द्या. फक्त माणूस तेवढा आणू नका."

"ती असं म्हणायची?"

"दर वेळी. चहा देताना." दाराशी जाऊन त्याने मागे वळून टेबलाकडे पाहिलं, आणि मग जरा घाईनेच चपला घातल्या.

५

मंगळवारी मुलीचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही.

"बाबा, भंगारकाकांनी सांगितलं मला. हे काय नवीन?"

"नवीन नाही. जुनंच आहे. राहू दे मला इथे."

"का पण?"

"आईचं घर आहे."

"घर आईचं आहे. ती खोली तुमची आहे. आई त्या खोलीत रमली असं एक दिवस तरी आठवतं तुम्हाला? ती असलीच तर ओट्यापाशी असेल, जिन्यात असेल. बोटीवर कशाला येईल?"

"काम असेल तिचं," तो म्हणाला.

पलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"काय गं?"

"काही नाही, कप. सुटला हातातून. विषय बदलू नका, बाबा. शनिवारी येतेय मी, आणि तुम्हाला घेऊनच जाणार आहे. समोर बसून भांडू. आईशी नाही भांडलात कधी धड, माझ्याशी तरी भांडा."

फोन ठेवल्यावर तो बोटीत जाऊन बसला. कापड कोरडं होतं. त्याला ते कोरडं असल्याचं वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याची भीती वाटली.

६

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. कापडाकडे पाहत बसलं की काही होत नाही. नजर काढली, उठून गेलं की होतं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता तो आपल्या खुर्चीत बसला आणि त्याने कापडाऐवजी समोरच्या किटलीकडे पाहायला सुरुवात केली.

किटलीच्या पोटात सगळी खोली वाकडी होऊन मावली होती. बोटाएवढा तो स्वतः. त्याच्या डाव्या हाताला लिंबाएवढी खिडकी. रस्त्यावरून एक सायकल गेली तिची घंटी ऐकू आली. शेजारी कोणीतरी बादली भरत होतं. ऊन नेहमीसारखं फरशीवर पडलं होतं, आणि त्याला झोप येत होती, इतकी साधी दुपार होती ती.

मग शेजारची बादली भरून नळ बंद झाला, आणि फडकं पिळल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

किटलीत, खिडकीजवळच्या खुर्चीमागे, कोणीतरी वाकलं होतं. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. दोन हात कापडावरून मधून बाहेर जात होते, अंथरुणाची चादर सारखी करावी तसे, घाई नाही, थांबणं नाही. मान खाली होती. डोक्याच्या मागच्या बाजूला केस नव्हते. ऑपरेशनच्या वेळी काढले होते, ते परत येईपर्यंत ती राहिली नव्हती.

"अगं," तो म्हणाला.

हात थांबले नाहीत.

"अगं, ऐक ना. मी डॉक्टरांना..."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याचा तो राग नव्हता. राग त्याला ओळखू आला असता. चौदा महिने जिच्याशी तो मनातल्या मनात भांडत होता, जिच्यापाशी रडत होता, तिला तो तिथे आहे याचंच काही नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्या जागेकडे होतं. कापड झालं, तसं तिने खुर्चीच्या बैठकीवरून ओला हात फिरवला. मग पाठ धरून खुर्ची दाराच्या दिशेने फिरवली, आत येणाऱ्याला बसायला सोपं जावं म्हणून वाढपी फिरवतात तशी.

कर्र असा आवाज झाला. तो किटलीत झाला नव्हता.

त्याने मान वळवली. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची दाराकडे तोंड करून हळूहळू थांबत होती.

रात्री जेवताना त्याला एक गोष्ट घासासारखी अडकली. ती बसली नव्हती. जागा तिची, मग ती का बसली नाही?

७

मुलगी शनिवारी सकाळी अकराला आली. दारातच तिने भिंतीला हात टेकून चपला काढल्या. भांडायचं ठरवून आलेल्या माणसाचा चेहरा तिने प्रवासभर सांभाळून आणला होता, पण बाबांना पाहून तो ढळला.

"किती वाळलात हो. जेवता की नाही?"

"जेवतो. ये."

तिने बोटीत पाऊल टाकलं. तीन खुर्च्या टेबलाकडे तोंड करून होत्या. चौथी तिच्याकडे पाहत होती. ती सरळ जाऊन तिच्यात बसली आणि अर्धी गिरकी घेऊन टेबलाकडे वळली.

"माझी खुर्ची," ती म्हणाली. "मला वाटलं हिच्यावर पण खोकी ठेवली असतील."

तो दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभा होता. *माझी खुर्ची.* हो की. नोकरीसाठी घर सोडेपर्यंत ती तिचीच खुर्ची होती. त्या जागी बसून तिने अभ्यास केला होता, कानात बोटं घातली होती. आई तिथे नंतर बसली, उजेडासाठी.

"हे ओलं कसं?" मुलीने तळहात उलटा करून पाहिला, मग हसली. "बाबा! माझ्यासाठी वादळाची तयारी? भांडण होणार म्हणून?"

त्याने कप ठेवले. तिने आपला कप दोन्ही हातांनी धरला आणि जिथे ओल होती तिथेच नेमका ठेवला. ठेवल्यावरही हात लगेच काढले नाहीत. कप राहतोय ना, हे पाहून मग काढले.

"बरं आहे हे," ती म्हणाली. "घसरत नाही."

"काय घसरत नाही?"

"काही नाही हो. प्रवासाचा शीण. गेले काही दिवस असं होतंय खरं. झोप कमी पडते." तिने टेबलाचा कठडा धरला. सहज धरला, बोलता बोलता. "ही फरशी खचली का, बाबा? खिडकीकडे उतार आल्यासारखा वाटतोय. आत्ता आले तेव्हा पण वाटलं. जरा हलल्यासारखं."

बाहेर लख्ख ऊन होतं.

"पाणसळ आणा ना तुमची," ती म्हणाली. "बघू तरी."

तो कपाटाकडे गेला. पाणसळ जागच्या जागी होती, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. आयुष्यभर त्याने ती हजारदा ठेवली असेल, आणि दर वेळी मनात एकच मागणं असे, की बुडबुडा मधोमध यावा. आज त्याने ती तिच्या पायाजवळ ठेवली. खचू दे, तो मनात म्हणत होता. पाया खचू दे, घर कलू दे, सगळी भिंत रस्त्यावर येऊ दे. नुसता केसभर सरक. खिडकीकडे सरक.

बुडबुडा थोडा थरथरला आणि दोन काळ्या रेघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

मुलगी खुर्चीतून वाकून पाहत होती. केस पुढे आले होते आणि मान उघडी पडली होती.

"मधोमध आहे," ती म्हणाली. हसली. "चला, घर तरी ठीक आहे. मग मीच असेन."

तो जमिनीवर तसाच बसून राहिला. वर खुर्ची अगदी थोडी फिरली, कर्र वाजली. आता कापड पुन्हा ओलं होणार नाही हे त्याला कळलं. वर्दी देऊन झाली होती. ती त्याच्यासाठी नव्हतीच, पण पोचवायची त्यानेच होती.

"तुझी आई," तो म्हणाला, "इथेच बसून हेच म्हणाली होती. पडायच्या आधी पाच महिने."

मुलीचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातली ती निघून गेली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, आई कधी काही बोलली नाही."

"हो," तो म्हणाला. "ऊठ. चपला घाल. वाटेत सांगतो."

ती उठली. एक पाऊल टाकलं, आणि तिने हात पुढे केला, भिंत जिथे नव्हती तिथे.